मिटा डोळे

"मिटा डोळे!"

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना 'काय काम करता?' असं विचारायचा अवकाश, की चहाचं भांडं पुढे सरकवून ते म्हणत, "मिटा डोळे. आता ओता कपात." आमच्या ह्यांनी एकदा ओतला. टेबलक्लॉथ गेला तो गेलाच.

डॉक्टर माणसांचे नव्हेत, गुरांचे. तिथल्या एका औषध कंपनीत ते एका किड्याच्या मागे लागले होते. आफ्रिकेत नदीकाठची माशी चावते, किडा अंगात शिरतो, कातडीखाली गाठ करून वर्षानुवर्षं राहतो. त्याची पिल्लं अंगभर फिरतात, खाजवून जीव नकोसा होतो आणि शेवटी डोळे जातात.

"पण औषध आहे ना त्यावर?" मी विचारलं.

"त्यानं पिल्लं मरतात, वहिनी. आई जिवंतच! मला आईला मारायचंय."

हे ते तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही मोठ्यानं म्हणत. बायका दचकून बघत.

बरं, हा किडा प्रयोगाच्या उंदरात जगत नाही. त्याच्याच जातीचा एक किडा गुरांत सापडतो, म्हणून डॉक्टर पहाटे कत्तलखान्यात जात. हे कळल्यावर मंडळाच्या जेवणात त्यांच्या मसालेभाताला कुणी चमचा लावला नाही. एवढी शिकलेली माणसं! मी मुद्दाम दोनदा वाढून घेतला. डॉक्टर हसले. "राहू द्या हो वहिनी, उद्याचा डबा झाला."

एका उन्हाळ्यात धावतच आले. "मेली! प्रयोगाच्या बशीतल्या सगळ्या आया मेल्या!" त्यांचं औषध लागू पडलं होतं. त्या दिवशी त्यांनी आमच्या कुत्र्याला, रॉकीलासुद्धा पेढा भरवला.

पुढे कंपनीनं ते काम बंद केलं.

"आजारी माणसं खूप आहेत म्हणे," डॉक्टर म्हणाले, "गिऱ्हाईक एकही नाही. कुत्र्यांच्या हृदयात असाच किडा होतो. माझं औषध आता तिकडे."

"मग तोंडावर फेका ना नोकरी!"

"व्हिसा त्यांच्या हातात आहे, वहिनी."

त्यानंतर त्यांनी कुणाला डोळे मिटायला लावले नाहीत. माझ्या लेकीनं विचारलं, "काका, सो व्हॉट डू यू डू नाऊ?" त्यांनी रॉकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "याची चाकरी करतो, बेटा."

व्हिसा संपल्यावर ते नागपूरला परतले. वर्षाच्या आत ते गेल्याचा फोन आला.

नंतर रॉकी धापा टाकायला लागला. हृदयात किडे निघाले. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई आनंदानं म्हणाल्या, इथल्याच कंपनीचं नवीन औषध आलंय, पिल्लंही मरतात, मोठा किडाही मरतो. आणि खरंच, महिन्याभरात रॉकी अंगणात उड्या मारायला लागला.

त्या संध्याकाळी मी चहा केला. भांडं उचललं, डोळे मिटले आणि ओतला. हात भाजला. भाजू दे मेला.