परशरामचा दुसरा रविवार

परशराम महिन्यातून एकच दिवस मनगटाला घड्याळ बांधायचा. एरवी त्याला घड्याळाची गरजच नव्हती. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा, आणि लेथच्या फिरत्या यंत्रावर काम करणाऱ्यानं हातात काही घालायचं नसतं. भोंगा झाला की कामाला लागायचं, भोंगा झाला की सुटायचं. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उजाडायच्या आत तो माझ्या दारात उभा असायचा. इस्त्रीचा शर्ट, पाण्यानं चापून बसवलेले केस, खांद्याला फुगलेली पिशवी आणि डाव्या मनगटावर जाड काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

"सर, उठलासा न्हवं?" कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात तो विचारायचा. मग आम्ही माझी जुनी गाडी काढून निपाणीच्या वाटेला लागायचो.

येळ्ळूरमध्ये आमची घरं एकाच गल्लीत. मी हायस्कूलमध्ये शिकवतो. परशराम माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अबोल, कामाला वाघ. त्याचं लग्न निपाणीच्या सुजाताशी झालं. ती तिथल्या एका शाळेत शिक्षिका. तिला नोकरी सोडायची नव्हती आणि याला म्हाताऱ्या आईला सोडून निपाणीत जाऊन राहायचं नव्हतं. दोघांतलं कुणीच वाईट नव्हतं, म्हणूनच कदाचित कुणी कुणाला दोष देऊन मोकळंही झालं नाही. जाणं-येणं कमी झालं, मग बोलणं कमी झालं, आणि शेवटी कागदावर सह्या झाल्या. त्यांची मुलगी सई तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. कोर्टानं ती आईकडे दिली. परशरामच्या वाट्याला महिन्याचा दुसरा रविवार आला, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

लहान पोरीला मोटारसायकलवरून हायवेनं न्यायची त्याला भीती वाटायची, म्हणून गाडीसकट मी बरोबर जायचो. पहिल्या दोन-तीन रविवारी आमची फार पंचाईत झाली. येळ्ळूरला आणावं तर निम्मा दिवस रस्त्यातच जाणार. निपाणीत त्याचं स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं. आम्ही तिघं बागेत बसलो, आइस्क्रीम खाल्लं, बसस्टँडावरच्या गाड्या बघितल्या. दुपार कलली तशी सई "मम्मीकडं जायचं" म्हणून रडायला लागली. परशराम तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला.

मग कुणीतरी त्याला कोल्हापूरच्या दिशेनं हायवेला लागून असलेल्या वॉटर पार्कबद्दल सांगितलं. पुढच्या खेपेला आम्ही तिकडे गेलो. सईनं ते निळं पाणी बघितलं आणि बापाचं बोट सोडून पळत सुटली. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं हसली. मी कडेच्या शेडखाली पेपर घेऊन बसलो होतो. पेपर काही वाचला नाही.

पण तिथं एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. कपडे, मोबाईल, सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं, आणि एकदा पाण्यात उतरलं की वेळेचा पत्ता लागत नाही. ऊन असतं, गाणी चालू असतात, सगळीकडे सारखाच आरडाओरडा. परशराम दर थोड्या वेळानं शेजारच्या माणसाला विचारायचा, "किती वाजलं ओ?" एकानं हसून आपलं ओलं, मोकळं मनगट त्याला दाखवलं. शेवटी तो घाबरून सईला उचलून धावत माझ्याकडे आला. तेव्हा तीनच वाजले होते. पोरगी पाण्यासाठी हातपाय झाडत होती आणि हा ओलाचिंब उभा राहून माझ्या घड्याळाकडे बघत होता.

"सर, पाण्यात येळ कळत न्हाय," तो म्हणाला. "आणि माझ्याजवळ तर येळच हाय, दुसरं काय हाय?"

त्याच आठवड्यात त्यानं खडेबाजारातून ते घड्याळ आणलं आणि पाणी जातंय का बघायला बादलीत बुडवून ठेवलं.

त्यानंतर वॉटर पार्कमधला दिवस कसा काढायचा, याचं त्यानं शास्त्रच बनवलं. फाटक उघडताना आत असायचं आणि सगळे दाराजवळच्या घसरगुंड्यांवर तुटून पडतात तेव्हा आपण थेट शेवटच्या टोकाला जायचं. तिथून गर्दीच्या उलट दिशेनं मागं यायचं. जेवण लोकांच्या आधी. आईनं दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी पिशवीत असायची, ती आम्ही बाहेर गाडीत बसून खायचो. लाटांच्या तलावात लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा व्हायचा. तेव्हा हा सईला घेऊन आधीच छातीएवढ्या पाण्यात तयार असायचा. रांगेचा त्याला मनापासून राग. "रांगेत गेलेला येळ माझ्या हिश्श्यातनं जातोय, सर. कोर्ट काय तेवढा वाढवून देतंय व्हय?"

दिवसाचा शेवटचा भाग मात्र त्यानं पाण्याबाहेर राखून ठेवला होता. ओल्या केसांनी पोरगी घरी गेली तर तिला सर्दी होईल आणि सुजाताला बोलायला जागा मिळेल, म्हणून तो तिचे केस वाळवायचा. उन्हातल्या पायऱ्यांवर तिला पुढ्यात बसवायचा, टॉवेलनं पुसायचा, बोटांनी गुंता सोडवायचा. वेणी घालायला तो माझ्या बायकोकडून शिकला. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून सुतळीच्या तीन पेडांवर त्यानं कितीतरी संध्याकाळी सराव केला. बायको हसायची, हा मान खाली घालून पेड ओढत राहायचा.

"पाण्यात ती नुसती वराडती," तो मला सांगायचा. "केस वाळताना बोलती. शाळेत कुणाशी भांडली, बाईनी काय म्हटलं, सगळं. पाठमोरी असती न्हवं, म्हणून बोलती."

अशी चार-पाच वर्षं गेली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली तीच चांगली वर्षं.

सई दहा वर्षांची असताना एक रविवार बिघडला. हवा भरलेल्या रबरी चाकावर बसून वाहत्या पाण्यात गोल फिरत राहायचं, असा एक कालवा तिथं होता. तिचा तो सगळ्यांत आवडता. निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, अजून एक फेरी." त्यानं घड्याळ बघितलं आणि हो म्हणाला. त्या फेरीनंतर आणखी एक झाली. पण येताना कोगनोळीजवळ रस्त्याच्या कामानं गाड्या तुंबल्या होत्या. आम्ही अडकलो. परशरामचा फोन पिशवीत तळाशी, बॅटरी संपून बंद. त्याला सुजाताचा नंबर पाठ नव्हता, माझ्याकडे तर नव्हताच. निपाणीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

सुजाता रस्त्यावर उभी होती. तिनं आधी सईला छातीशी धरलं. शेजारी तिचे वडील होते.

"पोरगी कुठं हाय, कशी हाय, आम्हाला कळायला नको?" ते म्हणाले. "हायवेनं जाताय तुम्ही. आम्ही काय काय डोक्यात आणायचं?"

"चुकलं माझं, मामा," परशराम म्हणाला. एवढंच. रस्त्याचं काम वगैरे त्यानं काढलंच नाही.

पुढच्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. तारखा पडत गेल्या आणि तोवर भेटी थांबल्या. दुसरा रविवार आला की तो सवयीनं लवकर उठायचा, अंघोळ करून कट्ट्यावर बसायचा. त्याची आई लक्ष्मीआक्का आतून हाक मारायची, "परशा, च्या निवतोय रं." तो उठायचा नाही. भेटी पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ वर्ष गेलं.

आता तो बदलला होता. आधीही घड्याळ बघायचा, पण आता दर फेरीला बघायचा. निघायची वेळ त्यानं दीड तास अलीकडे आणली. सईनं "अजून एक" म्हटलं की तो नुसती नकारार्थी मान हलवायचा. ती रुसायची. केस वाळवताना गप्प बसायची. आणि ती मोठीही होत होती. बारावं लागल्यावर ती म्हणाली, "वेणी मी घालते." त्यानं लगेच कंगवा तिच्या हातात दिला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसला.

एकदा जेवताना ती सरळच बोलली. "पप्पा, तुम्ही सारखं घड्याळच बघता. माझ्याकडं बघतच नाही."

परशरामच्या हातातला घास तसाच राहिला. "तसं न्हाय गं, बाळा," तो म्हणाला. संध्याकाळी परतताना तवंदीचा घाट चढून गेल्यावर तो मला म्हणाला, "सर, ती खरं बोलली. पर न्हाय बघितलं तर तेबी काढून घेतील."

शेवटचा रविवार थंडी सरतानाचा. पार्कमध्ये गर्दी बेताची होती, रांगा नव्हत्या. परशराम खुशीत होता. दुपारी जेवणं झाल्यावर सई पाण्यात जाईना. मोबाईल घेऊन गाडीला टेकून उभी राहिली. नंतर जवळ आली.

"पप्पा, आज मला लवकर सोडाल का? मैत्रिणीचा वाढदिवस आहे. चार वाजता सगळ्या जमणार आहेत."

मी दुसरीकडे बघायला लागलो. ज्या माणसानं सात वर्षं एकेक मिनिट राखलं होतं, तो काय म्हणतो हे मला ऐकवत नव्हतं.

"मग आधी न्हाय का सांगायचं?" परशराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "चल. गिफ्ट घ्यायचंय का काय?"

वाटेत थांबून त्यानं तिला रंगीत पेनांचा डबा घेऊन दिला. तिच्या घरासमोर तिला उतरवलं. "मज्जा कर," म्हणाला. ती हात हलवून जिन्यानं वर गेली. मी गाडी सुरू केली, तर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, जरा थांबूया. तुम्हाला घाई न्हाय न्हवं?"

"कशाला रे?"

"सहापर्यंतचा येळ माझा हाय," तो म्हणाला.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानासमोर गाडी लावून बसलो. तो दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत बसला. समोरून पोरं सायकली घेऊन गेली, भाजीचा गाडा आला आणि गेला. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. सहा वाजल्यावर तो म्हणाला, "चला."

त्यानंतर दोनदा सईचा फोन आला की परीक्षा आहे, जमणार नाही. दोन्ही वेळा तो म्हणाला, "अभ्यास कर. सवडीनं ये." त्यापुढच्या महिन्याचा दुसरा रविवार त्यानं बघितलाच नाही. कारखान्यात लेथ चालू असताना त्याच्या छातीत कळ आली. सोबत्यांनी मशीन बंद करून त्याला रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तो चाळिशीचाही नव्हता.

सुजाता सईला घेऊन तिसऱ्या दिवशी आली. येळ्ळूरच्या त्या घरात पोरगी इतक्या वर्षांनी पाऊल ठेवत होती. लक्ष्मीआक्कानं तिला कुशीत घेतलं. थोड्या वेळानं सई माझ्याशेजारी कट्ट्यावर येऊन बसली. चेहरा सुजलेला.

"काका, त्या दिवशी मला सोडल्यावर तुम्ही तिथंच थांबला होता ना?"

मी चमकलो. "तुला कसं कळलं?"

"खिडकीतून दिसत होती गाडी. मी पडद्यामागं उभी होते."

"वाढदिवसाला गेली नाहीस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "खाली पप्पा होते. त्यांच्यासमोरून कशी जाऊ? मला वाटलं, आता जातील, मग निघू. पण ते गेलेच नाहीत. मग मीही तिथंच उभी राहिले. खाली यावं असं सारखं वाटत होतं. पण उलट पावली आले असते तर ते काय म्हणाले असते, मला कळत नव्हतं."

काय म्हणाला असता, हे मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

अंगणातून सुजाताची हाक आली. निपाणीला परतायची वेळ झाली होती, भाड्याची गाडी थांबली होती. लक्ष्मीआक्का दाराची चौकट धरून उभी राहिली.

"निघालीस गं, बाळा?" तिनं विचारलं.

सईनं आईकडे बघितलं. सुजातानं डोळे पुसत हलकेच होकारार्थी मान हलवली आणि एकटीच गाडीकडे वळली.

"नाही आजी," सई म्हणाली, "मी आज इथंच राहते."