विंगेतले मामा

मी आज जो काही आहे, तो धारगळच्या माझ्या मामांमुळे. आणि एवढ्या जय्यत तयारीने जन्मभर वाट पाहत बसलेला दुसरा माणूस साऱ्या गोव्यात नसेल. बाबा पाळीच्या खाणीवर ट्रक चालवत. मी मामांकडे राहून म्हापशाला कॉलेज केलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. मामा पोदेराकडून रोज एक पाव जास्त घेत. न जाणो, कोणी आलं तर! पण त्यांची खरी तयारी जत्रेच्या नाटकात दिसे. त्यांना भूमिका कधीच नसे, पाठ मात्र सगळ्या असत. आयत्या वेळी कोणी आजारी पडलं तर? म्हणून तोंडाला रंग लावून, खिशात मिशी आणि पिशवीत लुगडं घेऊन ते विंगेत बसत. राजा पडो वा दासी, मामा तयार. आमच्या गावचे नट मात्र भलतेच धडधाकट. मामी म्हणायची, "जल्मभर विंगेत बसले, कंबर धरली, टाळी खंय आसा?" मामा शांतपणे म्हणत, "पडदो उघडल्यार मगे माणूस घरातसून हाडतलंस?" पडदा उघडल्यावर का घरून माणूस आणायला धावायचं, असं त्यांचं म्हणणं.

पुढे डिचोलीच्या एका रोगनिदान केंद्रात मला नोकरी लागली. रुग्णांचे एक्स-रे आणि अहवाल साठवणारी यंत्रणा मी उभारली. माहिती पाच डिस्कवर अशी वाटलेली, की एक गेली तरी काम चालतं. पण तिची जागा भरण्याआधी दुसरी गेली, की सगळंच संपलं. म्हणून सहावी डिस्क मी जोडून, राखीव म्हणून नेमून ठेवली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही कोण रे, बसून पगार खाणारी? कपाटात ठेव, लागली की लाव."

मी मामांचा भाचा, ऐकलं नाही.

"बरं. पण एक जरी अहवाल गेला, तर तूही घरी जा हां."

चवथीला केंद्राला कुलूप लागलं आणि मी पाळीला घरी जाऊन गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधू लागलो. परत येऊन पाहतो, तर दोन तांबडे दिवे! नोंदी वाचल्या. चवथीच्या सकाळी एक डिस्क गेली होती. सहावीने लगेच तिची जागा घेऊन तिच्या वाट्याची माहिती स्वतःवर उतरवली होती. नंतर आणखी एक गेली, तरी एकही अहवाल हरवला नव्हता. मी एकटाच जोरात ओरडलो. डॉक्टरबाई धावत आल्या, सगळं ऐकलं आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा उघडून म्हणाल्या, "आधी तिला नैवेद्य दाखव, मग तू खा!"

त्याच दुपारी मी मामांना लिहिलं. फोनवर हे बोलता आलं नसतं.

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुमच्याकडे पाहून एकीला विंगेत बसवलं होतं. तिने प्रयोग सावरला. दुरुस्तीवाले म्हणाले, नव्या डिस्क आल्या की हिला परत राखीव करू. मी नको म्हटलं. राखीव नवी बसेल. ही आता कामातच राहील. रविवारी पाहायला या. तुम्हाला मात्र कोणी कधी विंगेतून रंगमंचावर बोलावलं नाही, मामा. ते आज पहिल्यांदाच माझ्या मनाला लागलं.

तुमचा भाचा."