भगीरथच्या जीपचा पाइप

भगीरथने १९९६ साली जुनी डिझेल जीप घेतली आणि किन्हवली ते शहापूर पॅसेंजर भरायला लागला. पुढं २००५ पर्यंत तो त्याच रस्त्यावर होता, मग वाशिंदच्या एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. पण त्याचं नाव निघालं की लोक अजून जीपचीच गोष्ट सांगतात.

जीपचं इंजिन धड होतं, पण माणसं भरली की वाटेतल्या पुलापुढचा चढ तिला झेपत नसे. ती पहिल्या गिअरवर यायची, काळा धूर ओकायची, आणि मागच्या जीपा पुढं जाऊन वाटेतली माणसं उचलून न्यायच्या.

शहापुरातला जयराम वेल्डर सायलेन्सरही बनवायचा. भगीरथ त्याच्याकडं गेला. जयराम गाडीखाली सरकला आणि बऱ्याच वेळाने अंग झाडत बाहेर आला.

"इंजिन कमजोर नाय तुझं. सायलेन्सर काजळीने तुंबलाय, पाइप बारीक, त्यात वाकणं किती. आतला धूर भायेर पडला नाय तर नवी हवा जाणार कुठून?"

"मग काय करायचं, जयरामदादा?"

"जाड पाइप टाकू, सायलेन्सर मोकळा करू. फक्त मागच्या चाकावरून पाइप न्यायचा तर परत वाकणं आलीच."

"मग नको नेऊ. चाकाच्या आधीच सोड."

"धूर गाडीखाली राहील रे."

"चालत्या गाडीत कसला राहतोय," भगीरथ म्हणाला. गाडी त्याची होती. जयरामने त्याने सांगितलं तिथं पाइप कापला.

दुसऱ्या दिवशी भरलेली जीप तिसऱ्या गिअरवर चढ चढली. आवाज मोठा झाला होता, पण भगीरथला त्याचंही कौतुक वाटत होतं. उन्हाळाभर त्याने एकालाही पुढं जाऊ दिलं नाही.

पावसाळा लागला तसे जीपला दोन्ही बाजूंनी ताडपत्रीचे पडदे आले. शहापूरला भाजी विकायला जाणारी सकुबाई नेहमी मागं, आपल्या टोपल्यांजवळ बसायची. एकदा उतरताना ती म्हणाली, "भगीरथ, तुज्या गाडीत डोकं भणभणतं रे."

"उपाशी निघता तुमी, आत्या. जरा खाऊन येत जा."

तिने टोपल्या उतरवून घेतल्या. मग एका बाजारच्या दिवशी जीप शहापुरात थांबली, सगळे उतरले, आणि सकुबाई तशीच टोपलीवर कलंडलेली राहिली. तिला उचलून बाहेर ठेवलं तेव्हा ती ओकली. तिचे ओठ पांढरे पडले होते. भगीरथ तिला दवाखान्यात घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, पण डॉक्टरांनी विचारलं, "ह्या कुठं धुरात होत्या का?" तेव्हा भगीरथने बाहेर उभ्या जीपकडं बघितलं.

परतताना त्याने ओळखीच्या धाऊला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागं बसला. स्वतःच्या गाडीत तो मागं कधीच बसला नव्हता. पडदे लावलेले होते. चढ लागला, धाऊने गाडी रेटली, आणि पायाखालच्या फळीच्या फटीतून धूर वर येऊ लागला. आधी डोळे चुरचुरले, मग कानशिलं ठणकायला लागली. चढ संपायच्या आत त्याने टपाच्या दांडीवर हात आपटून गाडी थांबवली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

"काय झालं रे?" धाऊने विचारलं.

"काय नाय. रोज ही माणसं इथं बसतात."

दुसऱ्या दिवशी जीप जयरामकडं उभी होती. जयरामने मोठ्या गोल वाकणाचा पाइप चाकावरून नेऊन पार मागं, बाजूला काढला. फटींवर पत्रा मारला. त्याने जुनी गोष्ट काढली नाही, भगीरथनेही नाही. चढावर गाडी आता थोडी जड वाटायची, पण पहिल्या गिअरवर यायची वेळ येत नव्हती.

सकुबाई मधल्या काळात एसटीने जाऊ लागली होती. भगीरथ तिच्या घरी गेला.

"आत्या, पाइप बदललाय. बदलल्यावर मी सोता मागं बसून बघितलंय."

"मी पुढं बसेन," सकुबाई म्हणाली.

"बसा."

भातकापणी होईपर्यंत ती त्याच्या शेजारी बसून गेली. मग एक दिवस कोणी न सांगता ती मागं चढली, टोपल्या पायाशी ओढून घेतल्या आणि शेजारणीला म्हणाली, "पुढं पाय आखडतात गो."