तिसरा आठवडा

कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या जीपमध्ये एक काका माझ्या शेजारी होते. त्यांच्या मणक्यातली गाठ काढून महिना झाला होता. बधिर झालेला पाय आता चपलेतून काढून ते सगळ्यांना बोटं हलवून दाखवत होते आणि हसू त्यांना आवरत नव्हतं.

"तू कालेजात जातोस ना रे? मंग सांग. डाक्टर बोलला, आईच्या पोटात आतडं नि मणका येगळं होतात, तवाच आतड्याचा कण मणक्यात रायला. तिसऱ्या आठवड्यात. तवा आईला ठाऊक असतं का, पोर हाय म्हणून?"

मी पुस्तक आठवत चाचरत म्हणालो, "बहुतेक नसतं."

"बघ. आमची म्हातारी आई अजून रडते. पाचव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोर असं झालं. अरे, भाताच्या राबातलं येक रोप दुसऱ्या जुडीत गेलं, त्यात जमिनीचा काय दोष?"

आजवर माझ्या शिक्षणाचं कुणाला काही काम पडलं नव्हतं.

फाट्यावर उतरून ते घराकडे भराभर निघाले आणि मधेच वळले.

"तिसराच ना रे?"

माझ्याआधी अख्खी जीप ओरडली, "तिसराच!"