नानांचा अंगठा

जळगावच्या आमच्या पोलाद कारखान्यात नानांइतका तुसडा माणूस दुसरा नव्हता. प्रयोगशाळेचे प्रमुख ते. आम्हा नव्या पदवीधरांना ‘कॉलेजची भरती’ म्हणायचे. नव्वदच्या सुमारास प्लाझ्माचं यंत्र आलं, मग तर विचारूच नका! आम्लात विरघळवलेलं पोलाद त्याच्या ज्योतीत फवारलं, की उजेडावरून त्यातला लाखातला एक भाग धातूसुद्धा कळायचा. "यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," हे नाना दिवसातून दहादा ऐकवायचे, जणू ते यंत्र यांच्याच पोटी जन्मलेलं.

द्रावणाच्या बाटलीला बूच होतं, पण ते लावतील तर नाना कसले? बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबून ती खळाखळा हलवायचे. "बुचं नवशिक्यांना," म्हणायचे. दर शनिवारी गेटबाहेरच्या मारुतीपुढे थांबून त्याच अंगठ्याने कपाळभर शेंदूर फासून यायचे.

पुढे यंत्रावर शिसंही तपासायला लागलो, तर शनिवारच्या नमुन्यांत ते निघू लागलं. नानांनी भट्टीवरच्या उस्मानभाईला धरलं. "न बघता भंगार टाकतोस. शिशाच्या रंगाचे डबे वितळवतोस!"

वीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस तो. कळवळून म्हणाला, "नाना, अल्लाकसम, एकेक तुकडा हाताने निवडतो."

नानांनी ढुंकून पाहिलं नाही. साहेबांकडे लेखी तक्रार गेली. सोमवारपासून उस्मानभाईला घरी बसवायचं ठरलं.

माझं डोकं फिरलं होतं. शनिवारीच कसं निघतं हे शिसं? त्या शनिवारी मी नानांपुढे नुसत्या आम्लाची बाटली ठेवली, पोलादाचा कणही न घातलेली. त्यांनी सवयीने अंगठा लावून हलवली. यंत्राने शिसं दाखवलं.

"यात पोलाद नाहीच, नाना," मी म्हणालो. "तुमचा शेंदूर आहे. शेंदूर शिशाचाच असतो ना? की तेही फक्त कॉलेजातच शिकवतात?"

नाना अंगठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यंत्र बिघडलंय म्हणतील. पण ते तडक भट्टीवर गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. शुद्ध बोलण्याचा केवढा तोरा, पण तोंडून निघाली ती घरची अहिराणी: "उस्मानभाई, मनी चूक शे." मग साहेबांकडून तक्रार परत आणून स्वतःच फाडली.

त्यानंतर शनिवारी नाना कोऱ्या कपाळाने यायचे. तुसडेपणा मात्र तसूभर कमी झाला नाही. बूच लावतानाही शिव्या आम्हालाच!

निवृत्तीचा दिवस नेमका शनिवार निघाला. उस्मानभाई पानावर शेंदूर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"लावा, नाना. आता बाटलीला हात लावायचा नाही तुम्हाला."

"कामं नाहीत का रे तुला?" नाना खेकसले आणि कपाळ पुढे केलं.