तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारा

दोरकाकांनी आयुष्यात जेवढी माणसं हवेत चढवली तेवढी एखाद्या विमानतळानंही चढवली नसतील, असं ते स्वतःच सांगायचे. थापा मारायची त्यांना सवय होती, पण ही थाप फारशी मोठी नव्हती. सिनेमात हिरो भिंतीवरून झेप घेतो, परी ढगातून उतरते, ते सगळं कुठल्यातरी गच्चीवर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या दंडांवर चालतं. बेचाळीस वर्षं तो माणूस दोरकाका होते. खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं. बाकी सगळे दोरकाकाच म्हणायचे, बायको होती तेव्हा रागावली की तीसुद्धा.

या कामात एक गंमत आहे. दोर ओढणारा माणूस कठड्यापासून चार पावलं मागे पाय रोवून उभा राहतो. तिथून त्याला खाली लटकलेला माणूस दिसतच नाही. म्हणून कठड्याशी दुसरं कुणीतरी लागतं, जे वाकून बघतं आणि सांगतं, “वर”, “थांबा”, “हातभर खाली”. त्याला दोरवाल्याची नजर म्हणायचं. नजरेवर विश्वास नसेल तर दोराला हात लावू नये, हा त्यांचा पहिला धडा, आणि काका तो येईल-जाईल त्याला शिकवत. गेली नऊ वर्षं त्यांची नजर म्हणजे त्यांची लेक. एकुलती एक, शिकलेली, बापासारखीच हट्टी. ऑफिसातली नोकरी सोडून ती गच्चीवर आली तेव्हा काकांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आले.

मग कॉम्प्युटर आले. उडणारा माणूस हिरव्या पडद्यापुढे स्टुलावर पालथा पडून उडायला लागला आणि दोरकाकांकडे लग्नाच्या मांडवांतली झुंबरं चढवायची कामं यायला लागली. काका म्हणायचे, “झुंबर बरं. निदान ते मेकअपला तीन तास घेत नाही.” पण त्यांचं हसू खरं नसायचं, हे लेकीला कळायचं.

अशात एक तरुण दिग्दर्शक घरी आला. त्याला सुपरहिरोचा सिनेमा करायचा होता, पण अगदी बेताचा. जग वाचवणं वगैरे काही नाही. एक पाण्याचे मीटर तपासणारा कारकून आहे, त्याला एक दिवस उडता यायला लागतं, पण तिसऱ्या मजल्यापर्यंतच. त्यावर गेला की धाप लागते. तो काय करणार? वाऱ्यानं उडालेले कपडे आणून देणार, घरात चावी विसरलेल्यांची कडी आतून काढणार. व्हिलनही तसलाच. त्याला गल्लीतली सगळी पार्किंगची जागा बळकावायची आहे.

“काका, कॉम्प्युटरनं उडवलं तर माणसाला वजनच राहत नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “माझा हिरो जड दिसला पाहिजे. दोर नंतर पुसून टाकू, पण ओढणारे हात तुमचेच हवेत.”

हे वाक्य ऐकून काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी माळ्यावरून कप्प्या काढल्या, तेल दिलं, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी रोज सकाळी पाण्याच्या बादल्या उचलायला सुरुवात केली.

पहिल्याच तालमीत दोर सुटला. फार नाही, हातभर. हिरो खिडकीच्या पट्टीवर गुडघा आपटून ओरडला, त्याला खाली घेतलं, बर्फ लावला. काका म्हणाले, दोर ओला होता. दोर कोरडा ठणठणीत होता, पण तसं कुणी बोललं नाही. लेकीनं फक्त बापाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो चहाचा कप धरतानाही अलीकडे थरथरायचा. दुसऱ्या दिवशी शूटिंगला सुट्टी मिळाली. तिसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत चालू झालं, आणि सोळा दिवस काकांनी दोर ओढला. खालून लाइटच्या जनरेटरची घरघर, कठड्याशी लेकीची पाठ आणि तिचा आवाज: “वर, बाबा. अजून. थांबा. वा!” संध्याकाळी दंड ठणकायचे, आणि काका ठणक कुरवाळत दोन घास जास्त जेवायचे.

सिनेमा तयार झाला. एका रविवारी दुपारी, काम केलेल्या सगळ्यांना घरच्यांसकट बोलावून थिएटरात पहिला खेळ ठेवला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि लेकीला म्हणाले, “मधल्या रांगेत बसू. हिरोला बरोबर समोरून बघू दे. सोळा दिवस उडवला, पण बेट्याला उडताना एकदाही पाहिलं नाही.”

आणि सिनेमा, खरं सांगायचं तर, झकास होता. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मध्यंतरानंतर एक गाणं घुसडलं होतं, त्याची काही गरज नव्हती, आणि हिरॉइनला काम म्हणजे खिडकीत उभं राहणं एवढंच. पण बाकी सगळं जमून आलं होतं. कारकून पहिल्यांदा जमिनीवरून वीतभर वर उचलला जातो तेव्हा तो आधी आपल्या चपला सांभाळतो, इथे थिएटर जे हसलं ते पुढे थांबलंच नाही. मोठमोठ्या सिनेमांत शहरंच्या शहरं कोसळतात आणि आपण जांभई देतो. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचं औषध दुपारी दोनच्या आत पोचेल का, एवढाच प्रश्न होता, आणि तीनशे माणसं श्वास धरून बसली होती. हिरो धापा टाकत, मध्येच थोडा खचत, पुन्हा सावरत वर जात होता. त्याला वजन होतं. दिग्दर्शकाचं म्हणणं खरं ठरलं होतं.

“बघ, बघ, तो खचतोय तिथं मी मुद्दाम ढील दिली होती,” काका कुजबुजले. “आणि हे वळण! असं वळण कॉम्प्युटरच्या बापाला जमणार नाही.”

लेक “हं” म्हणाली.

शेवटी व्हिलनची गाडी गल्लीत अडकून पडली, हिरोनं ती उचलली नाही, कारण त्याला उचलता येत नव्हती. त्यानं फक्त तिच्या चाव्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. टाळ्या पडल्या. काकांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पडद्यावर नावं सरकायला लागली. दोरकाकांचं नाव आलं, चांगलं मोठ्या अक्षरात. लोक उठायला लागले, तेवढ्यात नावांच्या शेजारी शूटिंगच्या वेळच्या गमतीजमती सुरू झाल्या, तसे सगळे परत बसले. हिरोला शिंक येते. व्हिलनची मिशी सुटते.

मग समोरच्या इमारतीवरून घेतलेलं एक दृश्य आलं. गच्चीवर एक छोटासा माणूस पाय रोवून जीव तोडून दोर ओढतोय. त्याचा दोर कठड्यावरून खाली येतो आणि त्याच्या टोकाला एक वाळूचं पोतं लटकलंय. पोतं ऐटीत वर जातं, थांबतं, डुलतं, हातभर खाली येतं. आणि त्याच वेळी दहा पावलं पलीकडे, पाण्याच्या टाकीआडच्या मोटरला लावलेल्या दुसऱ्याच दोरावर हिरो उडतोय.

थिएटर फुटलं. लोक पोट धरून हसत होते. काकाही हसले, अगदी खो खो. लेकीला कोपरानं ढोसून म्हणाले, “कोण गं हा येडा? पोतं उडवतोय!”

लेकीनं मांडीवरची पर्स छातीशी धरली. मग त्यांनी नीट पाहिलं. त्या छोट्या माणसाची डावा पाय आडवा टाकायची सवय पाहिली, मानेभोवतीचा निळा पंचा पाहिला. कठड्याशी एक बाई वाकून उभी होती. तिनं मान त्या माणसाकडे वळवली होती आणि ओठ हलत होते. एक हात त्याच्याकडे करून ती सांगत होती, वर. दुसरा हात तिनं कठड्याबाहेर धरला होता आणि त्या हातानं ती मोटरवाल्याला खुणा करत होती.

दृश्य सात-आठ सेकंदांचं असेल. काकांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, कारण ते कसं काढायचं हे त्यांना सुचेना. मागच्या रांगेतला कुणीतरी हुंदका द्यावा तसा हसत म्हणाला, “पोत्याला बक्षीस द्या रे!”

बाहेर दिग्दर्शक धावतच आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पोतं सगळ्या युनिटनं पाहिलं होतं, पण ते काकांपासूनचं गुपित आहे हे पाचच जणांना माहीत होतं, आणि एडिटिंगवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं.

“काका, मी उद्याच ते काढून टाकतो. आईशप्पथ. तुमचा अपमान करायचा नव्हता.”

“राहू दे,” काका म्हणाले. “लोक हसले ना? सगळ्यात जास्त तिथंच हसले. सिनेमा चांगला झालाय.” आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला लोकांत परत पाठवलं. परक्या माणसावर रागावून काय मिळणार? त्यानं आपलं काम केलं होतं. ज्यानं घात केला ते माणूस पर्स छातीशी धरून शेजारी उभं होतं, आणि त्याला काकांनी सायकल शिकवली होती.

गर्दी ओसरली तसे ते दोघं वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहिले.

“कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“माझ्या.”

“पोतं किती किलोचं?”

“एकाहत्तर. हिरोचं वजन केलं होतं. हाताला फरक कळला असता तुम्हाला.”

“कळला असता,” काका म्हणाले. त्यातही त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. “सोळा दिवस, पोरी. सोळा दिवस तू मला वा वा म्हणत होतीस. घरी आल्यावर माझे दंड चेपत होतीस.”

“बाबा, तुम्ही किती खूश होता...”

“पोत्यावर खूश होतो! अगं, मी जेवताना सांगायचो तुला, आज कसा वळवला, आज कसा उतरवला. आणि तू वाढत होतीस.”

ती रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं. मग जे विचारायचं नव्हतं तेच त्यांनी विचारलं.

“त्या शेवटच्या शुक्रवारी माझा हात सुटला होता. सगळा दोर गेला. तू म्हणालीस, काही झालं नाही, तो आधीच बाल्कनीत उतरला होता. मी देवाचे आभार मानले. खरं काय झालं होतं?”

लेकीनं डोळे पुसले. “पोतं खाली पडलं, बाबा. फरशीवर. फाटलं.”

म्हणजे माणूस मेला असता. काकांना हे समजायला वेळ लागला नाही. उंची, वजन, फरशी, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. लेकीनं एक जीव वाचवला होता आणि त्यांचं नावही वाचवलं होतं. आता तिच्यावर रागवायचं तर कुठल्या तोंडानं? आणि तरी राग होता, जागेवरच होता, तसूभर कमी झाला नव्हता.

“माझ्या गुरूनं एक दिवस भर शूटिंगमध्ये दोर माझ्या हातात दिला,” काका म्हणाले. “म्हणाला, आता तू. आणि खाली जाऊन चहा पीत बसला. मीपण तुझ्या हातात दिला असता गं. तू मला सांगितलं असतंस की बाबा, हात गेला, तर दिला असता.”

“नसता दिलात,” ती हळूच म्हणाली. “दोर ओला होता म्हणाला असतात.”

बोलणं बिनतोड होतं. काका म्हणाले, “म्हणालो असतो. भांडलो असतो. आठ दिवस बोललो नसतो. पण ते माझं मला करू द्यायचं होतंस.”

खाली थिएटरवाल्यानं दिवे मालवायला सुरुवात केली होती. जिन्यावर अंधुक झालं होतं. काका कठडा धरून उतरायला लागले. लेक सवयीनं एक पाऊल पुढे झाली आणि वाकून बघत म्हणाली, “सावकाश, बाबा. अजून एक पायरी आहे.”

काकांनी आधी पायानं चाचपून पाहिलं, आणि मगच वजन टाकलं.