धूळ गिळणाऱ्या पेशी

आमच्या घरी कामगार युनियनचं पत्रक छापायला जाण्याआधी वडील, म्हणजे आबा, ते मोठ्यानं वाचायचे. नियम एकच: वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे, कारण कारखान्याची पाळी सुटल्यावर गेटवर कोणी थांबत नाही. न संपणारं वाक्य आबा तोडायचे. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले.

आबांनी कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत वाळूचे साचे फोडायचं काम केलं. त्या वाळूची धूळ त्यांच्या फुफ्फुसात बसली आहे. मी कोल्हापुरात प्रयोगशाळेत झेब्राफिशची पिल्लं सांभाळते. नुकतं जन्मलेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की रोगाशी लढणाऱ्या पेशी, जनुकात केलेल्या बदलामुळे, आत हिरव्या चमकत धावताना दिसतात. माशाला फुफ्फुस नसतं, म्हणून तसलीच धूळ मी बारीक सुईनं शेपटीत सोडते.

एका सुट्टीच्या दिवशी आबा बघायला आले. जिन्यात मध्येच बसले. वर पोचले तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एक पेशी धुळीच्या कणाला वेढत होती.

"खाल्ला की तिनं!" आबा खूश झाले.

"थांबा, आबा."

पेशी फुगली, फुटली. कण तसाच. दुसरी पेशी त्याच्याकडे निघाली.

"ही बी मरणार?"

"हो."

"आन् तिच्या मागनं तिसरी. आमच्या शेडवाणीच हाय की." त्यांची नजर पडद्यावरून हलेना. "ह्यावर औषध?"

"झालेलं भरून येत नाही, आबा."

"मग पत्रक लिव. शेडात माणसं हायत अजून."

घरी येऊन मी रागानं लिहिलं. मालकानं धूळ ओढणारे पंखे बसवले नाहीत, वर तोंडाला रुमाल बांधा म्हणाला, हे सगळं एकाच वाक्यात. आबा खाटेवर पुढं वाकून वाचू लागले आणि अर्ध्यातच थांबले. मी वाक्य तोडलं. पुन्हा थांबले, पुन्हा तोडलं. शेवटी उरलं, 'ही धूळ बाहेर पडत नाही.' तेवढं त्यांनी पूर्ण केलं.

मग कागद माझ्याकडे ढकलला. "पंखं कुठं गेलं ह्यातलं? मालक कुठं गेला? माझ्या छातीच्या मापानं लिवू नगंस, बाय. तुझ्या मापानं लिव."

मी वाक्य पुन्हा जोडलं आणि मोठ्यानं वाचलं. ते संपेपर्यंत आबांना कितीदा तरी श्वास घ्यावा लागला.